‘चुकलास’ म्हणणारं कुणीतरी

मंडळी, एका पत्रानं माझी झोप उडवली आहे. गेल्या चैत्रात आलं. लिहिणारी मुलगी पूल बांधणारी इंजिनिअर. लिहिते — “बुवा, पदवी झाली, नोकरी लागली. तरी आमच्या व्यवसायाच्या संस्थेची मान्यता घ्यावी, पुन्हा परीक्षेला बसावं, असं वाटतं. घरचे हसतात. सगळं शिकून झाल्यावरही माणसाला हे का हवं असतं? हा लोभ, की गर्व?”

मी उत्तर दिलं नाही. सुचलंच नाही! मी पोथ्यांत डोकं घालून बसणारा कीर्तनकार. पुलाबिलातलं मला काय कळतं? मग ही एक गोष्ट आठवली. तिच्या प्रश्नाला ती पुरते की नाही — छे, मला अजून खात्री नाही. तुम्ही ऐका.

कातरवाडी नावाचं गाव. तिथं त्रिविक्रम नावाचा तरुण वैद्य आला. आबाशास्त्रींच्या पाठशाळेतून पहिला आलेला! खांद्यावर मानाची शाल. भर वैशाखात शाल, मंडळी! घाम निथळतोय, पण शाल उतरत नाही. हसू नका — तुमच्या बैठकीत पदवीदानाचा काळा डगला घातलेला फोटो आहेच की!

एके दिवशी भागू कुंभारीण धावत आली. “वैद्यबुवा, म्हादूला बघा वो! सकाळधरनं जुलाब, वांत्या — पोर पार सुकलं माजं!”

त्रिविक्रमानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, मात्रा दिली. म्हणाला, “पोटाला विसावा हवा. पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही.”

“लई पानी मागतंय वो...”

“थेंबसुद्धा नाही!”

दुसऱ्या दिवशी म्हादू गेला.

त्रिविक्रम भागूच्या दारात जाऊन उभा राहिला. वाटलं, आता शिव्या बसतील, दगड बसतील. काही नाही! पाटील म्हणाले, “तुम्ही एवढे शिकलेले, तुमचा काय दोष? त्याचं आयुष्यच तेवढं.” आणि भागू? तिनं त्याचे पाय धरले. “माजंच चुकलं, बुवा. माजंच चुकलं.” आई आहे, दुःखात बोलते आहे, असं तो समजला.

पण तेव्हापासून त्याला घास गिळवेना. मी चुकलो का? विचारायचं कुणाला? गावाला वैद्यक कळत नाही. ज्यांना कळत नाही, त्यांची क्षमा काय कामाची, सांगा बरं?

तो गुरूंकडे गेला. आबाशास्त्री म्हणाले, “बाळा, मी तुला शाल पांघरली तेव्हाच माझं विचारणं संपलं. वैद्यांच्या सभेत जा.”

त्या मुलखात वैद्यांची एक सभा होती. दर अवसेला दुपारी भरायची. रीत अशी — बऱ्या झालेल्या रोग्याचं नाव काढायचं नाही! आपल्या हातून जो गेला, त्याचीच हकिकत सांगायची. बाकीच्यांनी उलटसुलट विचारायचं. नव्याला आत घेताना आधी परीक्षा, मग शपथ — प्रत्येक मरण इथं आणीन, लपवणार नाही.

त्रिविक्रम तिथं गेला, तेव्हा सभेतले म्हातारे भिकाजीपंत म्हणाले, “अरे, पदवी आहे, दारात रोगी आहेत. इथं कशाला मरायला आलास?”

“मला कुणी जाब विचारत नाही हो.” एवढंच बोलला. शाल घडी करून खाली ठेवली आणि म्हादूची हकिकत सांगितली.

“लघवी कधी झाली होती, ते विचारलंस?”

“नाही.”

“पाणी?”

“बंद केलं.”

भिकाजीपंत म्हणाले, “चुकलास. अंगातलं पाणी चाललं होतं, आणि तू वरचंही तोडलंस. पाणीच पाजायचं होतं, घोट घोट, सारखं.” आणि खाली बघत — “मीही असाच एक घालवलाय. ये, जागा आहे.”

मंडळी, सभेनं त्याला पदरात घेतलं. इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. संपत नाही.

तो तडक भागूकडे गेला. ती चाकाशी बसून होती, हात कोरडे. म्हणाला, “बाई, माझं चुकलं. त्याला पाणी द्यायला हवं होतं.”

भागू बघतच राहिली. “काय म्हनलात?”

“पाणी दिलं असतं, तर कदाचित —”

“म्या दिलं वो!” ती किंचाळली. “लई रडला, म्हून दोन चमचे पाजलं, तुमच्या चोरून! मला वाटलं, त्यानंच गेला. म्या मारला म्हनून आजवर पान्याचा घोट उतरंना माज्या नरड्यात... आनि तुमी आत्ता सांगता? म्या अजून पाजलं असतं वो! मडकं भरलेलं होतं!”

 

सभेच्या मान्यतेनं म्हादू परत आला नाही. मान्यतेसाठी जीव टाकणारे सगळेच त्रिविक्रम नसतात, हेही खरं. कुणाला दारावरची पाटीच हवी असते. पण पदवी म्हणते, याला विचारून झालं. आणि माणसाला आतून भीती असते — आता मला कुणी विचारणारच नाही! तुम्ही डॉक्टर, मास्तर, वकील इथं बसलात. तुमचं काम कळणाऱ्या माणसानं तुम्हाला ‘चुकलास’ असं शेवटचं कधी म्हटलं? आणि तोवर तुमची भागू कुठं, कुणाचं पाप उरावर घेऊन बसली आहे?

मला तरी कोण म्हणतं? तुम्ही हार घालता आणि घरी जाता.

आज देवळात येताना त्या मुलीला उत्तर टाकलं. “परीक्षेला बस,” एवढंच लिहिलं, आणि ही गोष्ट. टपालपेटीत पडल्याचा आवाज ऐकला. बरोबर लिहिलं का? ठाऊक नाही. खाली माझा पत्ता मात्र पुरता लिहिला आहे. चुकलो असेन, तर तिनं कळवावं.