यंदा वाटाणा

बियाण्याच्या दुकानापुढच्या रांगेत माझ्यापुढे एक सासरे आणि त्यांची सून होती. सुनेच्या हातात गव्हाचं वाळकं धसकट होतं, मुळासकट.

“फेक ते. दुकानात केर कशाला?”

“नाही फेकणार. मुळं बघा ना बाबा, कोळशासारखी काळी पडलीत.”

“पाणी कमी पडलं असेल.”

“गेल्या वर्षी म्हणालात, पाणी जास्त झालं. त्याआधी म्हणे बी खराब होतं. गव्हावर गहू, गव्हावर गहू! रोग मातीतच ठाण मांडून बसलाय, आणि आपणच त्याला आयतं जेवायला वाढतोय. एक वर्ष वाटाणा लावू, उपाशी मरेल मेला.”

“आणि आपण काय खायचं?”

“गहूच. विकत आणू.”

“हळू बोल! मी गहू विकत आणायचा? गिरणीवाला गावभर करेल.”

“करू दे. पुढच्या वर्षी त्याच्याच दारात आपली पोती उतरवू.”

“शेजारचा हसून हसून लोळेल.”

“म्हणून तर म्हणते, आतल्या अर्ध्या शेतात वाटाणा लावू. रस्त्याकडच्या अर्ध्यात तुमचा गहू राहू दे. कुणाला कळायचं नाही.”

“रस्त्याकडे रोग नाही?”

“आहे ना. हे धसकट तिथलंच आहे.”

रांग पुढे सरकली. दुकानदार हसला.

“या बाबा! नेहमीचंच ना? गहू?”

सासऱ्यांनी सुनेच्या हातातलं धसकट घेऊन गल्ल्यापुढे ठेवलं.

“वाटाणा दे. सगळ्या शेताला.”

“बाबा, अहो, अर्ध्याला म्हटलं होतं मी.”

“का? लोक काय अर्धंच हसणार आहेत?”