फटीच्या पुलापाशी पाणी उतरतं

—नाही गं, तुझी काही चूक नाही, आणि बूट काढू नकोस, चिखल काय, पुसता येतो, तू बस आधी. बोट गाळात बसली म्हणून कुणी लाजतं का? इथे सगळ्यांचीच बसते. वरच्या लॉकचे दरवाजे आणि खालच्या लॉकचे, मधे अडवलेला कालवा हा एवढासा — खालच्या दरवाजाची झडप कुणी उघडी टाकून गेलं की बघता बघता पाणी उतरतं. हल्लीचे सुट्टीवाले, हँडल फिरवून झडप उचलायची, बोट काढायची, झडप पुन्हा पाडायला विसरायचं आणि निघायचं पुढच्या गुत्त्याकडे. तू पाडलीस ना ती? आणि वरून पाणी सोडलंयस? मग झालं. तास लागेल, पाच मिनिटं कमीच. चहा घे, किटली तयारच आहे. तयार कशी म्हणजे — असते आपली.

मी मॉड टिल्सली. आमचे हे, रूबेन, अडतीस वर्षं या कालव्याचे राखणदार होते — दरवाजांना वंगण घाल, काठ बुजव, बुडालेली मेंढरं काढ. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सात. ऑक्टोबरात सात. तो खिडकीतून दिसतो ना पूल, मधोमध फट आहे बघ, चार बोटं. लोक विचारतात, आजी, पूल तुटलाय का? तुटला नाही, तसाच बांधलाय. पूर्वी बोट काठावरून घोडा दोराने ओढायचा, आणि या पुलाखालून घोड्याला वाटच नाही. मग काय करायचं — दोर सोडायचा, बोट पलीकडे न्यायची, पुन्हा बांधायचा? एवढा वेळ कुणाला होता. म्हणून पुलाचे दोन अर्धे केले, घोडा बाजूने जायचा आणि दोर त्या फटीतून निघून जायचा. ना घोडा थांबायचा, ना बोट. लोक म्हणतात, काय डोकं चालवलंय. माझ्या सासूबाई म्हणायच्या, डोकं कसलं, मेल्याने आमच्या दारातली माणसं घालवली. खरंच आहे. दोर सोडायला थांबले असते तर चार शब्द बोलले असते.

हे होते तेव्हा बोटवाले यांना हाक मारून जायचे, कधी उतरायचे. आता हात हलवतात. हात काय, कुत्र्यालाही हलवतात. पण अडकले की मात्र बसतात हो. मंगळवारी डर्बीचं एक जोडपं होतं, ती बाई त्याच खुर्चीवर बसून रडली, मुलगा बोलत नाही म्हणून. गेल्या महिन्यात दोन मास्तर आले होते, अख्खा केक संपवला. तासभर माणूस छान बोलतो. झडप पूर्ण उघडी राहिली तर पाणी भरायला अख्खी दुपार जाते, मग माणसं चिडतात, चहाही धड पीत नाहीत. हँडलचे साडेचार फेरे पुरतात — म्हणजे, हे सांगायचे तसं. कुठे बघतेस? ते हँडल यांचंच. ओलं आहे कारण दव पडतं ना पहाटे. खिळ्यावर घरातच असतं, हो, पण — शहाजिऱ्याचा केक खातेस का तू? काहींना नाही आवडत.

वहीत काय काढतेस? बघू. अगं, हा तर आपलाच पूल. जुने पूल काढत फिरतेस, एकटीच? छान काढलायस, फट जरा मोठी झालीय. आणि हे खाली काय लिहिलंय, थांब, चष्मा — ‘फटीचा पूल, दोन रात्री.’

म्हणजे थांबणारच होतीस? इथे? मुद्दाम?

मग थांब की. ‘होते’ म्हणजे काय, थांब. हां. हो, तेही खरंच, पाणीच टिकत नाही तिथे बोट कशी बांधायची, रात्रीत उतरलं आणि बोट कलली तर. यांनीही तुला हेच सांगितलं असतं. पण नाही उतरणार गं. आज नाही आणि उद्याही नाही, शपथेवर सांगते. मला कसं माहीत म्हणजे — माहीत आहे. कुणी उघडणारच नाही ना झडप. दोन रात्री कुणीसुद्धा उघडणार नाही.

अशी बघू नकोस माझ्याकडे. कुणाचं वाईट नाही केलं मी. माशांपुरतं पाणी ठेवते, स्वतः जाऊन बघते. एक तास तर जातो. इथे कुणी येत नाही गं, दिवसच्या दिवस येत नाही.

बोट हलली बघ तुझी. पाच मिनिटं कमीच लागली, म्हटलं नव्हतं? राहू दे तो कप, मी धुते. खालच्या लॉकच्या पुढे, चर्चच्या खालच्या बाजूला कड्या आहेत बोट बांधायला, पाणी खोल आहे, तिथे झोप लागेल तुला. केक बांधून देऊ? नको. बरं. जा, उजेड आहे तोवर जा. आणि खालच्या लॉकमधून निघालीस की झडप नीट पाड. विसरतात लोक.