साठावं पत्र

आता मला सांगा, मंगळवारी सकाळी साडेदहाला माणूस काय करत असतो? काही नाही. मी केटलीच्या तळाला धरलेला पांढरा थर चमच्यानं खरवडत होतो, कारण तो कशानं निघतो हे घरात जिला माहीत होतं ती गेली त्याला चौदा महिने झाले होते... तर फोन वाजला, आणि पलीकडून दातांचे डॉक्टर म्हणाले, "आनंदाची बातमी आहे, बसून घ्या." तुम्हाला सांगतो, दातांच्या डॉक्टरवर कधी विश्वास ठेवू नये. "जरासुद्धा दुखणार नाही" असं तीस वर्षं म्हणून म्हणून त्यांची जीभच तशी वळलेली असते.

"वहिनींच्या गठ्ठ्यातलं एकोणसाठावं पत्र आज पोस्टात टाकलं," म्हणाले. "म्हणजे एकोणसाठ नवे सभासद! त्यांनी साठ लिहून ठेवली होती, तीन वर्षं पुरतील म्हणून. आणि सव्वा वर्षात उडाली. काय म्हणता?"

मी म्हटलं, मंडळ वाढतंय, आनंदच आहे.

तुम्ही म्हणाल, कसलं मंडळ नि कसली पत्रं. सांगतो. आमच्या भागात एक संस्था आहे. घरी कुणी अंथरुणाला खिळलं की ही मंडळी खाट, दवाखान्यात असते तशी, चाकाची खुर्ची, जे लागेल ते घरपोच देतात, आणि काम झालं की परत नेतात. "काम झालं की" म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. फुकट. आता फुकट द्यायचं तर कुणीतरी विकत घ्यायला हवं, म्हणून आमच्या हिनं मोठ्या देणगीदारांचं मंडळ काढलं. दरवर्षी भरघोस देईल तो सभासद. सुरुवातीला सात जण होते, आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती; हल्ली मंडळ सांभाळणारे दातांचे डॉक्टर त्यातलेच. खुर्च्या सात. मी चहा घेऊन उभा. "अहो, तुम्ही उभेच बरे दिसता," असं सगळ्यांसमोर म्हणाली होती.

पहिल्या भेटीत ती कुणाकडे काही मागायची नाही. नुसतं म्हणायची, "उद्या दहाला मोकळे आहात? एक खाट तिसऱ्या मजल्यावर न्यायचीय, एक कोपरा धरायला माणूस कमी पडतोय." लाकडाच्या वखारीचे मालक गेले, कोपरा धरला, दुसऱ्या जिन्यावर पाठीत उसण भरली, वर जाऊन त्या घरातली म्हातारी खाटेवर टेकून बसलेली बघितली आणि खाली येऊन पायरीवर बसून राहिले. त्याच आठवड्यात सभासद. तेव्हापासून पद्धतच पडली. खाट उचलल्याशिवाय सभासद नाही. आणि सभासद झाला की हिचं पत्र. हातानं लिहिलेलं, दोन पानी, पोस्टानं.

मग तीच आजारी पडली. संस्थेची खाट आमच्या घरी आली. आणि ही बाई त्या खाटेवर टेकून काय करायची? पत्रं लिहायची. कुणाला? जे सभासद अजून झालेच नव्हते त्यांना. "आदरणीय" लिहायचं, पुढे नावाला जागा सोडायची, आणि खाली दोन पानं. रोज एक, कधी दोन, हात चालला तर. मी वाकून बघायला गेलो तर परीक्षेतल्या पोरीसारखा तळवा आडवा धरायची. "अहो, तुमचं नाहीये ते. चहा टाका."

टाकला चहा. दुसरं काय येत होतं मला?

साठ पत्रं झाली. गठ्ठा दोरीनं बांधून संस्थेच्या कपाटात गेला. आणि मला... बघा, मी तक्रार करत नाहीये. पण ती गेल्यावर मी उशीखाली बघितलं, तिच्या पर्समध्ये बघितलं, डाळीच्या डब्यातसुद्धा बघितलं. दुधाच्या पिशव्यांच्या हिशोबाचा एक कागद सापडला. साठ परक्या माणसांना दोन दोन पानं, आणि नवऱ्याला? ओळ नाही.

त्यात मंडळाचे वार्षिक मेळावे. मला बोलावतात, पुढच्या रांगेत बसवतात. ओळख ना पाळख, लोक येऊन माझा हात धरतात आणि हळूच विचारतात, "काय, जमतोय का आता चहा?" चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंनी तर मला घरी एक पुडा पाठवला, वर चिठ्ठी, "हा कडक आहे, दोन चमचे पुरतात." मला वाटलं, असेल काहीतरी शिष्टाचार. मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतं? मंडळ वाढतंय, आनंदच आहे.

पण त्या मंगळवारी केटली तशीच ठेवली आणि संस्थेच्या कचेरीत गेलो. दोन गल्ल्या सोडून, लाँड्रीच्या वर. टायपिस्ट बाईंनी कपाट उघडून दाखवलं. दोरी होती, गाठ होती, आणि आत एकच पत्र. इतक्या सैल दोरीत एवढंसं पत्र मी कधी बघितलं नव्हतं.

डॉक्टर तिथेच बसले होते, मी त्यांना म्हटलं, "हे मला द्या."

"कसं देऊ? सभासदाचं आहे ते."

"अहो, माझ्या बायकोनं लिहिलंय."

"वहिनींनीच बजावलंय, ओळखीपाळखीत वाटायची नाहीत. 'आमच्या ह्यांनासुद्धा नाही', असं म्हणाल्या होत्या."

घरी आलो, आणि तिची लाल गाडी विकली. ज्या गाडीतून ती देणगीदार गोळा करून आणायची, तीच. मेहुणी म्हणाली, "भावोजी, डोकं ठिकाणावर आहे ना? दोन कागदांसाठी गाडी?" मी म्हटलं, "तशी मला चालवता कुठे येते." सभासद झालो. खाट उचलायची अट मला माफ केली त्यांनी. आमच्याकडची खाट वर आणताना एक कोपरा माझ्या हातात होता, आणि खाली नेतानाही.

वाटलं, आता देतील हातात. छे. नियम म्हणजे नियम, पोस्टानंच. दोन गल्ल्या यायला त्या पत्राला चार दिवस लागले. चार दिवस मी जिन्यातल्या पेटीपाशी उभा. मी उभाच बरा दिसतो ना.

आलं. वर "आदरणीय" तिच्या अक्षरात, आणि पुढे माझं नाव... टायपिस्ट बाईंच्या अक्षरात. सव्वीस वर्षांत तिनं माझं नाव कधी घेतलं नाही, सगळं "अहो"वर भागवलं, आणि शेवटीही लिहिलं नाहीच. पहिलं वाक्य काय असावं? "आपली आणि माझी ओळख नाही, तरीही आपण केलेली मदत मला पोचली आहे."

हसलो मी. खरंच हसलो.

पुढे लिहिलं होतं, "आपण दिलेल्या खाटेची डोक्याकडची बाजू उचलता येते. लोकांना वाटतं, त्यामुळे श्वास सोपा होतो. होतो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. आडवं पडलं की फक्त छत दिसतं. टेकून बसलं की शेजारी बसलेला माणूस दिसतो. आमच्याकडचा माणूस चहा फार पांचट करतो. पण तो उठून जात नाही. हे मला रोज दिसतं, ते या खाटेमुळे. त्याला मी हे सांगितलेलं नाही, लगेच फुगेल. आपण भेटलात तर चहाबद्दल तेवढं विचारा."

साठ पत्रांत हेच. एकोणसाठ घरांत मी गेलो होतो, आणि मलाच पत्ता नव्हता.

शेवटी तिची नेहमीची ओळ. "दोन ओळींचं का होईना, उत्तर पाठवा. मी वाट बघते."

सगळे पाठवतात. टायपिस्ट बाई फाइल करतात. परवा लाँड्रीपाशी भेटल्या. "भावोजी, एकोणसाठावं उत्तरसुद्धा आलं. तुमचंच तेवढं राहिलंय." मी म्हटलं, पाठवतो. घरी येऊन कागद घेतला, पेन घेतलं, आणि मायन्यालाच अडलो. सव्वीस वर्षं "अगं" म्हटलं, ते कागदावर कसं लिहायचं?

नव्या सभासदांना आता छापील पत्र जातं, डॉक्टरांच्या सहीचं. या महिन्यात आणखी चार आले. मंडळ वाढतंय, आनंदच आहे.

माझं उत्तर अजून लिहून झालेलं नाही.