तळघरातल्या मुलीचं पुढे काय झालं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ माननीय धर्माजीराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती ग्रंथपाल दयारामभाऊ, आणि रेवदंड्याच्या वाचक बंधुभगिनींनो. त्यात दाराशी मासळीच्या पाट्या टेकवून उभ्या असलेल्या कोळीवाड्यातल्या बायाही आल्या. बायांनो, खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या.

दयारामभाऊंच्या शिस्तीबद्दल आणि सचोटीबद्दल माझ्या आधीचे वक्ते बोलले. मी कन्याशाळेतली मास्तरीण, मला वेगळंच आठवतं. पण ते सांगायचं तर आधी एक कबूल करायला हवं. मला रहस्यकथा आवडतात. खून, पळवापळवी, भुयारं असलेल्या. सुशिक्षित माणसं या पुस्तकांना नाकं मुरडतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतंही. पटून काय उपयोग? हातात घेतलं की भात करपेपर्यंत सुटत नाही.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोळीवाड्याला सवड असते. त्या दिवसांत दयारामभाऊ दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून अशी एक कादंबरी मोठ्यानं वाचत. बाया ऐकायला येत, पुरुष जाळी विणता विणता ऐकत, आणि खांबाआड मीही असे. या वाचनाच्या शेवटच्या वर्षी तीन भागांची कादंबरी लागली होती. घरून पळवून नेलेली एक मुलगी किल्ल्याच्या तळघरात कोंडलेली. दुसरा भाग संपला तेव्हा तळघरात पाणी चढत होतं.

तेवढ्यात कार्यकारिणीची सभा भरली. अध्यक्ष महाराज, आपल्यासमोर बोलते, राग नसावा. ही इमारत आपण उभी केली. लोकांनी चांगलं वाचावं ही आपली तळमळ खोटी नव्हती. आपण म्हणालात, "ओट्यावरचा हा पोरखेळ आता पुरे. ही पुस्तकं काढून टाका." सभेत विरोधात बोलणारी मी एकटी. एक सभासद मला म्हणाले, "वेणूबाई, तुम्ही मुली शिकवता, तुमच्या तोंडी हे शोभत नाही."

पुस्तकं रद्दीत गेली. दुसऱ्या दिवशी कोळीवाडा आला तर ओटा रिकामा. नीराबाई पुढे झाली. सुकी मासळी विकणारी नीराबाई, आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात येऊन गेलेली. ती धर्माजीरावांना म्हणाली, "बंद करा, आमचं काय म्हननं न्हाय. पन ती पोरगी सुटली का न्हाय, तेवढं सांगा, मंग बंद करा."

लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण मला तिचं घर माहीत होतं. तिची जनी रेवसहून बोटीनं मुंबईला कामाला गेली, आणि पुढे तिचा पत्ता लागला नाही. नीराबाई मुंबईला जाऊन गिरणगावातल्या चाळी पालथ्या घालून आली. पोलिसांनी नाव लिहून घेतलं. आणखी काय होणार होतं?

आणि दयारामभाऊंना शेवट माहीत नव्हता. ऐकणाऱ्यांच्या आधी आपण पुढचं वाचलं तर आवाजात कळतं, असं ते म्हणत. ते रद्दीवाल्याकडे धावले, तर तिसरा भाग फुटाण्यांच्या पुड्यांत वाटला गेलेला. त्यांनी अलिबाग पाहिलं, श्रीवर्धनच्या वाचनालयात विचारलं, मुंबईला प्रकाशकाच्या पत्त्यावर माणूस धाडला. तिथे आता कापडाचं दुकान होतं.

त्यानंतर दरवर्षी होड्या वर आल्या की नीराबाई ओट्याशी थांबून विचारी, "काय कललं का?" दयारामभाऊ नाही म्हणून मान हलवत. मी एकदा त्यांना म्हटलं, "सुटली म्हणून सांगून टाका, कोण तपासायला येतंय?" ते म्हणाले, "वेणूबाई, मुंबईहून आलेल्या चार जणांनी तिला सांगितलं, जनी सुखात आहे. एकानंही पाहिलेली नव्हती. आता पाचवा मी होऊ?"

गेल्या श्रावणात नीराबाई अंथरुणाला खिळली. आम्ही दोघं भेटायला गेलो. वैद्यांनी आशा सोडली होती. तिनं पुन्हा तेच विचारलं. मी दयारामभाऊंकडे पाहिलं, आता तरी बोला म्हणून. ते खाली बसले, तिचा हात धरला आणि म्हणाले, "नीराबाई, मला खरंच ठाऊक नाही."

ती म्हणाली, "न्हाय ना ठावं? मंग मी सांगतंय." आणि ती सांगू लागली. पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा मुलीला भिंतीत एक दगड हलका लागला. ती खाडीत निघाली. एका होडीवाल्यानं तिला वर घेतलं, काही विचारलं नाही, आधी भाकर दिली. पहाटे ती बंदरावर उतरली. सगळं गाव निजलेलं, फक्त तिची आई जागी. दयारामभाऊ वाचनालयात कधी बसले नसतील इतके स्तब्ध बसून ऐकत होते. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "बराबर हाय ना?" ते म्हणाले, "असंच असणार."

ती दुसऱ्या दिवशी गेली.

दयारामभाऊ आता बोर्ली पंचतनला मुलाकडे राहायला निघाले. त्यांना आपण थांबवू शकत नाही, आणि जनीही आलेली नाही. आपण मला बोलू दिलंत, याबद्दल अध्यक्ष महाराजांची आणि सभेची मी ऋणी आहे. मास्तरणीनं निरोपाच्या सभेत असल्या कादंबऱ्यांची बाजू घ्यावी, हे कुणाला खटकलं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. मला त्या अजून आवडतात, त्याला माझा इलाज नाही. नमस्कार.