लेबल नसलेले बटण

हॅलो?… हॅलो, कोण?… शालन होय! अगं, आवाजच ओळखू येईना… थांब, थांब जरा, मोटर बंद करते. आज नळाला पाणी आलंय ना, सकाळपासून घर नुसतं घरघरतंय… हां. बोल आता.

काय?… अभिनंदन? कुणाचं?… आमच्या निवेदिताचं?

कुठला फोटो?… हां, तो. शाल-नारळाचा. ग्रुपवर आला का?… 'आमच्या भाचीचा अभिमान' असं तू लिहिलंस खाली? शाबास… चिडू नको तर काय करू? अगं, त्या फोटोत ती हसत नाहीये. दात आवळलेत तिनं. मोठा करून बघ एकदा.

…ऐक. अगं, ऐक ना. एकनाथराव काही बोलले नाहीत का घरी? त्यांचीच संस्था, त्यांचाच कोर्स, पत्रिकेवर सचिव म्हणून नाव त्यांचं… हां, खरंच की, ते नव्हते त्या दिवशी. अक्कलकोटला लग्नाला गेले होते म्हणालीस. मग तुला काहीच ठाऊक नाही. आधी ऐकून घे, मग कर अभिनंदन.

शरणबसव सरांनी तिला काय सांगितलं होतं, आठवतंय ना?… अगं, तिच्या शाळेचे मुख्याध्यापक… हां, तेच, जाड चष्म्याचे. म्हणाले, "निवेदिता, तास संपला की पोरं तुझ्याभोवती बसून घरचं सगळं सांगतात. तू समुपदेशनाचा कोर्स कर. शाळेत ती जागा निघतीय. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सर्टिफिकेट आण, जागा तुझी."… मग! घरात नुसती गुणगुणत फिरायची. आणि कोर्स कुठला, तर एकनाथकाकांच्या संस्थेचा. ऑनलाइन. मीच म्हटलं, घरचाच आहे की, कर.

…घातलं की नाव! आणि तिथनंच सुरू झालं. तिचा मोबाइल बोलतो ना, स्क्रीनवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते वाचतो… हां, तेच ते भरभर बोलणं. आपल्याला एक अक्षर कळत नाही, तिला सगळं कळतं. त्याच्यावर ती बँकेचं बघते, रेल्वेचं तिकीट काढते, सकाळी पेपर वाचते. डोळ्यांनी दिसत नसताना एम.ए. झाली ती त्याच्यावर. पण ह्या कोर्सात तो मोबाइल म्हणतो काय, तर 'लेबल नसलेले बटण'. कसलं बटण? माहीत नाही. पुढं काय? परत तेच. ज्यांनी ते बनवलं त्यांनी बटणांना आतून नावंच दिली नाहीत. वर रंगीत बाण काढलेत, डोळस माणसाला दिसतात. आत काही नाही.

…नाही गं, तिच्या फोनमध्ये काही खोट नाही! हेच विचारतात सगळे.

…व्हिडिओ? व्हिडिओत बाई म्हणते, "आता हे इथं पाहा, आणि हे इथं." कुठं पाहायचं निवीनं? आणि परीक्षेला चित्र. 'चित्रातल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखा.' मोबाइल म्हणतो, 'इमेज चार'… हसू नको शालन. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. तिचं तोंड बघितलं आणि गप बसले.

…लिहिलं की! एकदा लिहिलं, परत लिहिलं. कुठं काय अडतंय, काय केलं म्हणजे चालेल, सगळं समजावून. उत्तर काय आलं सांगू? "घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा." बसले. काय करता! ह्या वयात मी तिचा माउस झाले. ती म्हणेल तिथं नेऊन दाबायचं. मी चष्मा सावरून प्रश्न वाचेपर्यंत वेळ संपायचा आणि पानच बंद. नापास. परत बसलो, परत नापास. शेवटी म्हणाली, "आई, हा कोर्स मी करतीय का तू?" उगंच उठून गॅस बारीक करून आले.

…हां, मग मागच्या आठवड्यात संस्थेतनं फोन आला. "मॅडम, तुमच्या सूचनांवरून सगळं नवीन केलंय. दिव्यांगांसाठी खास पोर्टल. उद्घाटनाला तुम्हीच या, तुमच्याच हातानं चालवून दाखवा." काय आनंद झाला तिला, काय सांगू! तू दिलेली इरकल नेसली. मला तीनतीनदा विचारलं, पदर सरळ आहे का.

हॉलवर लवकर बोलावलं होतं. रंगीत तालीम म्हणे! तिथं तो पोर्टल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. गोड बोलणारा. म्हणतो, "मॅडम, तुम्ही फक्त की-बोर्डवर बोटं फिरवा. आवाज आम्ही मागनं लावतो."… हो!… अगं हो, रेकॉर्ड केलेला! 'आपले स्वागत आहे, धडा पहिला,' असा कुठल्या तरी बाईचा पाकात घोळलेला आवाज. निवी म्हणाली, "मग मी कशाला पाहिजे?" तर म्हणतो, "तुम्ही असलात की बघायला बरं वाटतं."

…मी तिथंच होते ना! माझ्यादेखत बोलला मेला. आणि नवीन काय केलंय म्हणून निवीनं तिथल्या तिथं आपल्या मोबाइलवर उघडून बघितलं. कोपऱ्यात व्हीलचेअरचं एक चित्र आलंय. त्याच्यावर दाबलं की अक्षरं मोठी होतात नि रंग बदलतो. शालन, जिला मुळात दिसतच नाही तिच्यासाठी अक्षर भोपळ्याएवढं केलं काय आणि मोहरीएवढं ठेवलं काय! बटणं तशीच्या तशी. मुकी.

मी म्हटलं, "चल निवे, रिक्षा करू, घरी जाऊ." तर म्हणते, "नको आई. बसू आपण." मी मनात म्हटलं, गिळला पोरीनं अपमान.

…नाही नाही, ऐक तर. दिवा लागला, हार झाले, पाहुणे म्हणून आलेले मोठे सरकारी साहेब लई वेळ बोलले. मग हिला बोलावलं. टाळ्या. लॅपटॉपपुढं बसवलं. तो कंपनीवाला मागं आवाज सोडायला तयार उभा. आणि हिनं काय करावं? पर्समधनं मोबाइल काढला, पोर्टल उघडलं, आवाज केला मोठ्यात मोठा आणि धरला माइकपुढं.

…अगं सांगते की, दम धर! हॉलभर आवाज. 'लेबल नसलेले बटण.' बोट सरकवलं. 'लेबल नसलेले बटण.' परत सरकवलं. 'इमेज चार.' 'लेबल नसलेले बटण.' सरकवतीय, सरकवतीय, थांबेच ना. आधी लोक हसले. गंमत वाटली त्यांना. मग पुढच्या रांगेतले गप झाले, मग त्यांच्या मागचे. आणि मग ही पाहुण्यांच्या खुर्चीकडं तोंड करून, वर्गात विचारते तितक्या शांतपणे विचारते, "साहेब, मला परीक्षा द्यायचीय. ह्यातलं कुठलं बटण दाबू?"

…साहेब बघतात त्या कंपनीवाल्याकडं! मग त्या सूत्रसंचालकानं माइक ओढून घेतला. "थोडी तांत्रिक अडचण आहे, पण ताईंच्या जिद्दीला सलाम, जोरदार टाळ्या!" आणि वाजवल्या की लोकांनी. हिच्या अंगावर शाल, हातात नारळ, फोटो. तोच तुझा अभिमानाचा फोटो. लगेच निघालो आम्ही. शाल तिथंच खुर्चीवर ठेवून आली ती.

…काय म्हणालीस?… चारचौघांत नको होतं करायला? मग कुठं करायचं होतं? एकटीनं लिहून लिहून बघितलं की… हां, मोठा माणूस आहे, मान्य… हो… हो, लागलं असेल त्यांना… न जेवता गेले?…

थांब.

शालन, पाहुणे न जेवता गेले हे तुला कुणी सांगितलं? मी जेवणाचं काही बोललेच नाही. आम्ही आधीच निघालो, मलाच ठाऊक नाही.

…बायकांच्यात ऐकलंस? कुठल्या बायकांच्यात?… शालन, तुला लहानपणापासनं खोटं बोलायला येत नाही, अडखळतेस तू. एकनाथराव शेजारी बसलेत का?… स्पीकर चालू आहे?… बोल की!… म्हणजे मघापासनं तू 'मग काय झालं, मग काय झालं' म्हणतीयस आणि ते ऐकत बसलेत? तुझ्याजवळ मन मोकळं करतीय मी, आणि तू…

अक्का-अक्का करू नको आता. दे त्यांच्याकडं. दे म्हणते ना.

…हां. नमस्कार, एकनाथराव… माझी तब्येत बरी आहे. मुद्द्याचं बोला… हं… हं… वरनं विचारणा झाली. बरं… संस्थेचं नाव खराब होतंय. बरं. मग निवीनं काय करायचं?… छोटासा व्हिडिओ. काय बोलायचं त्यात?

…परत म्हणा… नाही, म्हणा परत, मला नीट ऐकू द्या.

"त्या दिवशी माझा मोबाइल बिघडला होता."

वा, एकनाथराव. खोटं तुमचं आणि तोंड तिचं होय?… चढतोच आहे माझा आवाज, चढू द्या! घरचा माणूस म्हणून पोरगी तुमच्याकडं पाठवली. तिनं लिहिलेलं एकदा तरी वाचलंत का?… ऑफिसात येतं, तुमच्यापर्यंत पोचत नाही. असं. अहो, दिवाळीला तुमच्या पाटाला पाट लावून जेवायला बसली होती ती. तेव्हा विचारलंत, "निवे, कोर्स कसा चाललाय?"… नाही ना? मग!

…कंपनीनं फसवलं? तुम्ही तपासून घेतलंत का? ज्याला दिसत नाही अशा एकाला नुसतं पुढं बसवलं असतं तरी कळलं असतं. तुमच्या घरातच होती की ती! नुसती नावं द्यायची होती बटणांना. 'सुरू करा.' 'पुढे जा.' 'उत्तर द्या.' निवी म्हणते, ज्याला काम येतं त्याचं एका दुपारचं काम. हॉल घ्यायला वेळ होता, पत्रिका छापायला वेळ होता…

…काय?

…सर्टिफिकेट?

…परीक्षा न देता?

हो… हो, आहे मी. ऐकतीय… उद्याच. शिक्क्यासकट. शरणबसव सरांच्या हातात पोचतं करता… तो व्हिडिओ दिला की…

…

थांबा. ठेवू नका फोन.

निवे! ए निवे, इकडं ये गं जरा… काका आहेत फोनवर. म्हणतात, सर्टिफिकेट उद्या देतो. परीक्षा नको, काही नको. फक्त व्हिडिओत म्हणायचं की मोबाइल बिघडला होता… मला विचारू नको, मी काय सांगू? शाळा उघडायला आली, सर किती दिवस जागा धरून ठेवतील… अगं, पण… हं… हं… बरं. बरं बाई. सांगते तसंच.

एकनाथराव, आहात ना? ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगते. म्हणाली, "उद्या शाळेत एखादं पोर माझ्यापुढं बसेल. म्हणेल, मॅडम, घरचे मला खोटं बोलायला लावतात. त्याला मी काय सांगू?"

…सांगा की. तुमच्या कोर्सात असेल ना ह्याचं उत्तर?

…हट्ट नव्हे हा. आणि ऐका, ती म्हणते, व्हिडिओ देणार नाही, सर्टिफिकेटही असलं नको. गुरुवारी तुमच्या ऑफिसात येते म्हणते. त्या कंपनीच्या माणसाला समोर बसवा. पाहुणे नकोत, हार नकोत, फोटोवाला तर मुळीच नको. ती बोट फिरवेल, अडेल तिथं त्यानं नीट करायचं. बरोबर रेश्मालाही आणतीय. तिची मैत्रीण, तिला ऐकू येत नाही… हो, तिनंही तुमच्याच कोर्सला नाव घातलं होतं! व्हिडिओखाली बोललेलं लिहून येत नाही म्हणून अर्ध्यात सोडला तिनं. ते तरी पोचलं होतं का तुमच्यापर्यंत?

…हो म्हणताय का बघतो म्हणताय? 'बघतो' नको मला… शालन, तू मध्ये बोलू नको… काय? काय म्हणाली ती?… "हो म्हणा" म्हणाली तुम्हाला?

…हं… गुरुवार. सकाळी. तो माणूस असेल. शब्द आहे ना?… बरं. येतील त्या दोघी… मी कशाला येऊ? माझं काय काम तिथं!

…आणि सगळं नीट करूनही नापास झाली तर? तर करा की नापास! अहो, तेवढंच तर मागतीय ती. अभ्यासात कमी पडली तर खुशाल नापास करा, मी चकार शब्द बोलायची नाही. पण तिच्या चुकांनी होऊ द्या तिला नापास. तुमच्या चुकांनी नको.

ठेवते.