हाडवैद्याच्या बायकोची खोली

एस्ताय : पोटावर झोपव तिला. मग कमरेवर गुडघा लाव.

तोरगिन : बाबा, आठवा महिना चालू आहे. पोटावर कशी झोपवू?

एस्ताय : मग काय उभी ठेवणार आहेस?

तोरगिन : कुशीवर. आणि तुम्ही तिकडे तोंड करून बसा.

एस्ताय : बसलोय. समोर भिंत आहे. भिंतीवर कोळिष्टकं आहेत.

कामशात : मी काढणार होते, मामंजी. पण हात वर केला की कमरेतून सुरी फिरते.

एस्ताय : राहू दे गं. कोळ्यालाही घर लागतं.

(कझाक गावातलं घर. दोन खोल्यांच्या मध्ये जाड पडदा. अलीकडे म्हातारा हाडवैद्य एस्ताय पाठमोरा बसलाय. पलीकडे त्याची मुलगी तोरगिन आणि सून कामशात.)

एस्ताय : गावातल्या सापरची जीप बारा वाजता येईल. तोवर काय करायचं ते कर. नाही जमलं तर सूनबाई जिल्ह्याच्या दवाखान्यात. बाळंत होईपर्यंत तिथंच.

कामशात : पाच आठवडे? एकटी? हे तर कुरणावर. कोकरं व्हायचे दिवस, मेंढ्या सोडून कसे येणार?

एस्ताय : मला हौस आहे का तुला पाठवायची? पहाटे भिंत धरून चालतेस, ते ऐकू येतं मला. सुनेच्या पाठीला सासरा हात लावत नाही. तुझी सासू असती तर तिनं बघितलं असतं. ती गेली, तेव्हाच या घरातला बायकांसाठीचा हात संपला.

तोरगिन : आणि मी कोण? शेजारीण?

एस्ताय : तुझ्याकडे अल्माटीच्या कॉलेजचा कागद आहे, मणक्यांच्या विद्येचा. कायरो... काय ते.

तोरगिन : कायरोप्रॅक्टिक.

एस्ताय : नाव उच्चारतानाच माझा जबडा सरकतो.

तोरगिन : बसवून देईन. वहिनी, आधी सांग. रक्त, पाणी काही गेलं? पाय बधिर होतो? पोट ठरावीक वेळानं घट्ट होतं?

कामशात : नाही. गुरुवारी नर्सनं सगळं तपासलं. बाळ मजेत आहे म्हणाली. आईची पाठ काय, सगळ्यांचीच दुखते म्हणाली.

तोरगिन : बरं. डाव्या कुशीवर हो. ही उशी गुडघ्यांमध्ये घे. ही पोटाखाली. आता मी टाचा नुसत्या धरते.

एस्ताय : टाचा? दुखतं कुठं आणि धरतेस कुठं!

तोरगिन : बाबा, भिंत बघा.

कामशात : आई गं! तिथं, तिथंच.

तोरगिन : हं. कमरेला खड्डा पडतो ना, तिथला उजवा सांधा अडकलाय. डावा बिचारा दोघांचं ओझं ओढतोय. तुला दुखतं मात्र डावीकडे ना?

कामशात : हो, डावीकडेच दुखतं.

तोरगिन : तेच. काम करतो तोच रडतो. आता श्वास सोड. अजून. अजून थोडा.

एस्ताय : झालं?

तोरगिन : नाही.

एस्ताय : आवाज आला नाही.

तोरगिन : यायचाच नाही.

एस्ताय : हाड बसलं की कट् करून वाजतं. चाळीस वर्षं हाडं बसवतोय मी. घोड्यावरून पडलेला माणूस माझ्याकडे आडवा येतो आणि उभा जातो. आणि प्रत्येक वेळी आवाज येतो.

तोरगिन : तुमच्याकडे येतो त्याचं हाड सुटलेलं असतं. हिचं काही सुटलेलं नाही. बाळाला वाट द्यायची म्हणून सगळे सांधे आपणहून सैल होतायत. त्यात गुडघा लावून झटका दिला तर उद्या बसताही येणार नाही.

एस्ताय : तुझ्या आईच्या खोलीतूनही कधी आवाज आला नाही.

तोरगिन : बघा.

एस्ताय : म्हणून तर मी समजायचो की ती बायकांची समजूत काढते. चहा पाजते, पाठीवरून हात फिरवते, घरी पाठवते. नुसतं हसणं ऐकू यायचं. मी इथं घाम गाळतोय आणि आत खिदळणं चालू.

तोरगिन : तीस वर्षं तुम्हाला तेवढंच वाटलं?

एस्ताय : मी आत कधी गेलो नाही. पुरुषानं जायचं नसतं. तीही कधी बोलली नाही.

तोरगिन : तुम्ही कधी विचारलंत?

एस्ताय : ...नाही.

तोरगिन : मी दहा वर्षांची होते तेव्हा आईनं मेंढीचे मणके पिशवीत घालून दिले. हात आत घालायचा आणि न बघता मानेपासून शेपटीपर्यंत ओळीनं लावायचे. एक हिवाळा गेला त्यात. अल्माटीत पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, हे बोटांना कुणी शिकवलं? मी म्हटलं, आईनं.

एस्ताय : मला वाटायचं तू मणक्यांशी खेळतेस.

कामशात : तोरगिन, अजून घट्टच आहे गं. मला भीती वाटते. जीप येईल.

तोरगिन : भीतीनंच घट्ट आहे. थांब, आईचं औषध काढते. तुला घोडीची गोष्ट माहीत आहे?

एस्ताय : कुठली घोडी?

तोरगिन : बाबा नवे जावई. पहिल्यांदा सासुरवाडीला गेले. तिथं आजोबांची घोडी लंगडत होती. बाबा म्हणाले, मी हाडवैद्य आहे.

एस्ताय : तोरगिन!

तोरगिन : फळ्या लावल्या, पट्टी बांधली, सगळं झकास. फक्त चांगल्या पायाला.

कामशात : अगंबाई!

एस्ताय : संध्याकाळ होती, घोडी काळी होती...

तोरगिन : दुसऱ्या दिवशी घोडी दोन्ही पायांनी लंगडायला लागली. तर हे आजोबांना म्हणतात, बघा, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या!

कामशात : हा हा हा! मामंजी, माफ करा... सारख्या झाल्या! आई गं, हा हा!

तोरगिन : हं. सुटलं.

कामशात : काय?

तोरगिन : हसताना अंग सैल सोडलंस, तेवढंच हवं होतं. पडून राहा जरा. आई प्रत्येकीला हीच गोष्ट सांगायची. मुद्दाम. बाई हसली की हात पोचतो म्हणायची.

एस्ताय : प्रत्येकीला? म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे?

तोरगिन : शेजारच्या दोन गावांनाही.

एस्ताय : बाजारात बायका मला बघून हसायच्या. मला वाटायचं, मान देतायत.

तोरगिन : वहिनी, आता हळू ऊठ. आधी कुशीवर, मग हातावर जोर. खिडकीपर्यंत चाल.

एस्ताय : काय झालं? बोला कुणीतरी. मला फक्त भिंत दिसते.

कामशात : चालतेय, मामंजी. भिंत न धरता. दुखतं अजून, पण सुरी गेली. नुसतं जड आहे.

तोरगिन : एका दिवसात जाणार नाही. एक दिवसाआड बघेन. रोज थोडं चालायचं, झोपताना उशी, आणि पाण्याच्या बादल्या बंद.

एस्ताय : बादल्या मी आणतो. वळू का आता?

तोरगिन : पडदा सरकवते. वळा.

एस्ताय : चाल बरं परत. हं. दरवाजापर्यंत. ...अशाच चालत जायच्या त्या. उलबिकेच्या खोलीतून बाहेर पडलेल्या बाया. मी बघायचो आणि मनात म्हणायचो, काही झालेलंच नव्हतं हिला. झालेलं असायचं. माझ्या बायकोनं बरं केलेलं असायचं.

तोरगिन : बाबा, बसा. चहा टाकते.

एस्ताय : अख्खं गाव एस्तायचं घर म्हणतं याला. खालच्या गावची माणसंही एस्तायचं घर विचारत येतात. एकानंही उलबिकेचं म्हटलं नाही. आणि मीही नाही म्हटलं.

कामशात : बायका म्हणायच्या, मामंजी. आपापसात.

एस्ताय : म्हणायच्या?

कामशात : मला इथं सून म्हणून दिली, तेव्हा माझी आई शेजारणीला सांगत होती, पोर उलबिकेच्या घरात जातेय, बाळंतपणाची काळजी नाही.

एस्ताय : ...फोन कुठाय माझा?

तोरगिन : खिशातच आहे. जीप नको म्हणून सांगताय?

एस्ताय : थांब गं. हॅलो, सापर? एस्ताय बोलतोय. नाही, सूनबाई कुठं जात नाही. पण तू जीप आण. तुझ्या बायकोला बसवून आण, तिलाही सहावा महिना आहे ना? हो, पाठ दाखवायला आली होती, मीच तिला गेल्या महिन्यात दारातून परत पाठवलं. चुकलं माझं. ...नाही रे, मी नाही बघणार. उलबिकेची मुलगी बघणार आहे.