सावंतकाकांच्या फोनमधली तारीख

खोटं वाटेल, पण सावंतकाकांनी दार उघडलं तेव्हा माझा आवाजच फुटेना. चार दिवस कुणाशी बोललोच नव्हतो ना.

नोकरी सोडून सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटवर एकटाच मोबाइलचं ॲप्लिकेशन बनवत होतो. माझ्या फोनवर ते चालत होतं, पण दुसऱ्या फोनवर टाकून बघायचं होतं. बिल्डिंगमध्ये ओळखीचे म्हणजे शेजारचे हे काका, तेही जिन्यात हसण्यापुरते. काकू गेल्यापासून तेही एकटेच.

काकांनी लगेच फोन दिला. इन्स्टॉल करायला गेलो तर 'सर्टिफिकेट एरर'. घरी जाऊन फाइल पुन्हा बनवली, तिच्यावर पुन्हा डिजिटल सही केली, पुन्हा आलो. तीच एरर. असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा काकांनी चहा केला.

चौथ्यांदा माझं लक्ष त्यांच्या फोनमधल्या तारखेकडे गेलं. ती चार वर्षं मागची होती. माझं सर्टिफिकेट, म्हणजे त्या डिजिटल सहीचा दाखला, त्या आठवड्यातलं; फोनच्या हिशेबाने ते अजून निघालेलंच नव्हतं, मग तो ते मानणार कसा?

"काका, तारीख चुकलीय."

"बॅटरी काढली की मागे जाते. मला कुठे जायचं असतं? बघतच नाही मी."

तारीख बदलली आणि ॲप्लिकेशन चालू झालं. मी निघालो, तर काका दारापर्यंत आले.

"झालं का सगळं?"

"हो, झालं."

"उद्या एकदा बघून जा. आज चाललं म्हणजे उद्या चालेलच असं नाही."

तपासायचं काही उरलं नव्हतं. तरी गेलो, आणि पुढेही जात राहिलो.